उघड्यावरचा मुक्काम (सोलापूर जिल्हा)

उघड्यावरचा मुक्काम : बांधीव निवारा व भाडे यांवाचून माळ, डोंगरउतार, नदीपात्र किंवा तलावकाठी रात्र काढण्याची रीत. सोलापूर जिल्ह्यात तिची तीन रूपे दिसतात : मेंढपाळांचा वाडा, आषाढी वारीतील पालखीतळ आणि अलीकडच्या हौशी भटक्यांचा तंबू. लष्करी छावणी हे चौथे रूप आता इतिहासजमा झाले असले, तरी या प्रदेशात मुक्कामाची जागा कशी निवडू नये याचा सर्वांत बोलका दाखला त्याच रूपातून मिळतो. त्याचा उल्लेख पुढे येईल.

भूमी व पाणी : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो आणि एकूणच तो बेभरवशाचा असतो. उंच डोंगर येथे नाहीत. बार्शी, माढा, करमाळा या तालुक्यांत बालाघाटाचे फाटे उतरतात, माळशिरस–सांगोल्याकडे महादेव डोंगररांगेची टोके येतात. मधला बहुतेक प्रदेश भीमा, सीना, नीरा व माण यांच्या खोऱ्यांतला किंचित चढउताराचा माळ आहे. जंगल म्हणावे ते म्हणजे हिवर, बोर, बाभूळ, तरवड यांची विरळ काटेरी झाडोरी आणि तिच्यामधले मारवेल–कुसळीचे गवत. तलाव बहुतेक बांधलेले. सोलापूर शहराच्या उत्तरेकडील एकरूख (हिप्परगा) तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. आष्टीचा तलाव १८७६–७८ च्या दुष्काळाच्या सुमाराचा. करमाळ्याचा मांगी, बार्शीचा हिंगणी, अक्कलकोटचा कुरनूर हे त्यानंतरचे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला जो प्रचंड जलाशय तयार झाला, त्याने मुक्कामाच्या जागांचा नकाशाच बदलला.

उगम : मेंढपाळांचा हंगामी फिरता मुक्काम या भागात किती जुना, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्वांत धाडसी मत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. पंढरपूरच्या वारीचा मार्ग, धनगरांच्या वार्षिक फिरतीच्या वाटा आणि मातृदेवतांची ठाणी यांचा एकत्र विचार करून ते १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात अशा निष्कर्षाला आले, की या वाटा मुळात मध्याश्मयुगीन लोकांच्या हंगामी स्थलांतराच्या असाव्यात. वाटांवर व त्यांच्या आजूबाजूला मिळणारी सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाची नखाएवढी पाती, हा त्यांचा मुख्य पुरावा. पाऊस सुरू झाला की माणसे व जनावरे नदीखोऱ्यातून वर सरकत, पाणी आटले की परत येत, आणि जेथे ती थांबत तेथे देव बसत, अशी त्यांची मांडणी आहे. ती स्वतः पायी फिरून केलेल्या निरीक्षणांवर उभी असल्याने तिचे मोल मोठे आहे.

मात्र तिच्यात दोन अडचणी राहतात. एक, पृष्ठभागावर सापडलेल्या सूक्ष्मास्त्रांचा काळ ठरवणे अवघड असते. अशी पाती ताम्रपाषाणयुगातही घडवली जात होती, त्यामुळे केवळ त्यांच्या आधारे वाट मध्याश्मयुगापर्यंत नेता येत नाही. दोन, ज्ञानेश्वर पालखीच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकर यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. तेव्हा आजचे थांबे जुन्या वाटेची खूण म्हणून वाचताना हात आखडता घ्यावा लागतो. वाट जुनी असू शकेल. थांबे तितकेच जुने आहेत असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उत्खननातील पुरावा अधिक ठोस असला, तरी तो जिल्ह्याबाहेरचा आहे. भीमेची उपनदी घोड हिच्या काठी, पुणे जिल्ह्यात, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील उत्तर जोर्वे काळात, म्हणजे ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यात (सुमारे इ. स. पू. १००० ते ७००), हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक चौकोनी घरे सोडून लहान गोल झोपड्यांत राहू लागले. अखेर ते अर्धभटके पशुपालक झाले, असे म. के. ढवळीकर यांचे प्रतिपादन आहे. दक्षिणेकडे कृष्णेच्या बाजूला एफ. आर. ऑल्चिन यांनी उटनूर येथील राखेच्या टेकाडाचा अभ्यास केला. जनावरांच्या खुरांचे ठसे मिळाल्याने ती जागा गुरे कोंडण्याची होती, हे त्यांचे १९६३ मधले मत बऱ्याच अंशी मान्य झाले. पण ती गुरांची कोंडणी होती, मेंढरांची नव्हे, आणि तिचा काळ ताम्रपाषाणीय महाराष्ट्राहून बराच आधीचा आहे. सोलापूरचा माळ या दोन पुराव्यांच्या मध्ये पडतो. पशुपालकांची ये-जा येथून होत असणे संभवनीय आहे. त्यापलीकडे जाणे घाईचे ठरेल.

गुंथर सोन्थायमर यांनी हा प्रश्न निराळ्या बाजूने हाताळला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांवरील अभ्यासात (जर्मन आवृत्ती १९७६, इंग्रजी १९८९) त्यांनी धनगरी ओव्या, वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) व यात्रा यांना साधन मानले. या ओव्यांतला देव कळपामागे चालत येतो, एका माळावर थांबतो, आणि तेथे त्याचे ठाणे होते. रा. चिं. ढेरे यांनी तर ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी–धनगरांच्या दैवतात शोधले. विठ्ठलमूर्ती ही मुळात वीरगळ असावी असे द्यल्यूरी (१९६०) यांचे मत आहे. ढेरे यांची मांडणी त्यापेक्षा व्यापक असून लोकपरंपरेच्या साधनांचा तिला भक्कम आधार आहे. काळ ठरवण्याचा आग्रह बाजूला ठेवून मुक्काम, पाणी व दैवत यांचा मेळ दाखवणारी सोन्थायमर–ढेरे यांची दिशा या नोंदीपुरती अधिक उपयोगी वाटते. मंगळवेढा तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीत भरणारी महालिंगरायाची यात्रा हे तिचे जितेजागते उदाहरण. पालख्यांच्या भेटीसाठी महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतले धनगर तेथे जमतात आणि गावाभोवतीच्या रानात उतरतात.

छावणी : भीमेच्या काठी ब्रह्मपुरी (ता. मंगळवेढा) येथे औरंगजेबाचा तळ १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होता. त्याने गावाला इस्लामपुरी असे नावही दिले होते. जवळच्या माचणूरला त्या काळाचा किल्ला आहे. तंबूंचे हे शहर इतकी वर्षे टिकले ते भीमेच्या पाण्यावर. पुढच्याच वर्षी मात्र दुसऱ्या नदीने धडा दिला. ऑक्टोबर १७०० च्या आरंभी बादशाही लष्कर माण नदीकाठी खवासपूर (ता. सांगोला) येथे उतरले होते. नदी जवळजवळ कोरडी असल्याने छावणीचा काही भाग थेट पात्रात व सखल काठावर पडला होता. वरच्या डोंगरांत पडलेल्या अवेळी पावसाचा लोंढा मध्यरात्री आला आणि माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. धांदलीत औरंगजेब पडून त्याचा गुडघा निखळला व पुढे तो कायम किंचित लंगडत राहिला. जदुनाथ सरकार यांनी फारसी साधनांवरून हा प्रसंग तपशिलाने दिला आहे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की खवासपुरात त्या रात्री पाऊस कितपत होता याला अर्थच नव्हता. माण उगम पावते ती साताऱ्याकडील डोंगरांत, आणि पाणी तेथून आले.

वाडा : मेंढपाळांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. दोन-चार बिऱ्हाडे मिळून एक वाडा होतो. दुपार कलली की बाया घोड्यांवर सामान लादून पुढे निघतात. मेंढरे चरत चरत मागून येतात. जागा पोहोचताच आधी मेखा ठोकून वाघर, म्हणजे दोरीचे जाळे, गोल उभे करतात. मोठी मेंढरे तिच्यात जातात, कोकरे वेगळी ठेवतात. तीन दगडांची चूल वाऱ्याच्या आडोशाला मांडतात, घोडी जवळ बांधतात, कुत्री मोकळी सोडतात. पाल पावसाळ्यात किंवा घरात बाळंतीण असेल तेव्हाच उभारतात, एरवी घोंगडीवर उघड्यावर झोपतात. जमिनीची पारख येथे फार बारकाईने केली जाते. मुरमाड, किंचित उताराचा माळ उत्तम, कारण तेथे पाणी साचत नाही. काळ्या रानात रात्री पाऊस झाला तर सकाळी पाय निघत नाही, मेंढरांच्या खुरांत चिखल धरतो आणि खुरांचे दुखणे लागते. ओढ्याच्या पात्रात वाडा घालू नये हे लहान पोरालाही ठाऊक असते.

हा मुक्काम फुकटचा असला तरी देण्याघेण्यावाचूनचा नाही. रब्बीची ज्वारी निघाली की शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. लेंड्या व मूत्र जागेवरच मिसळल्याने वेगळे खत टाकावे लागत नाही. त्याबदल्यात मेंढपाळाला रात्रींच्या हिशेबाने धान्य किंवा रोख रक्कम मिळते, शिवाय धाटे–पाल्याची चराई. म्हणजे मुक्काम करणाऱ्यालाच मोबदला मिळतो. रासायनिक खते आल्यावरही ही रीत टिकली आहे, कारण सोलापूरच्या हलक्या जमिनींना सेंद्रिय खताची गरज अजून तितकीच आहे. कळप मुख्यतः दख्खनी जातीचे, सांगोला–मंगळवेढ्याकडे माडग्याळ जातीचेही. काही कळप दिवाळीनंतर दूर पश्चिमेकडे जातात, तर काही भीमा–सीनेच्या टापूतच फिरतात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर कोवळा चारा मिळतो आणि वाडे तिकडे वळतात.

रात्री भीती लांडग्याची. तो मोठ्या मेंढीपेक्षा कोकरावर टपून असतो. तरीही माळावरच्या लांडग्याचे व मेंढपाळाचे नाते निव्वळ वैराचे नाही. जनावर नेल्यावर ‘त्याचा वाटा गेला’ असे म्हणणारे मेंढके आजही भेटतात.

पालखीतळ : ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात शिरते व नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करते; तुकारामांची पालखी अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या बाजूने वाखरीस येते. तळ ठरलेले आहेत व त्यांची सोय शासन आणि गावे पाहतात. पंढरपुरात वारकऱ्यांच्या राहुट्यांसाठी ‘६५ एकर’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे.

माळ व निर्बंध : गवताळ माळाला सरकारी दप्तरात दीर्घकाळ पडीक समजले गेले. हे वर्गीकरण चुकीचे आहे आणि त्याने नुकसान केले आहे. ज्याला पडीक म्हटले तेथे काळवीट, लांडगा, खोकड व माळढोक जगत होते, आणि तोच मेंढपाळांचा चराईचा आधार होता. नान्नज परिसरातील माळढोकामुळे १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौ. किमी.चे अभयारण्य घोषित झाले. त्यात शेते, गावे, रस्ते सारेच आल्याने पुढे ते सुमारे १,२२२ चौ. किमी.पर्यंत घटवण्यात आले. मधल्या काळात काही माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. उघडे गवत लागणाऱ्या पक्ष्याला झाडी म्हणजे आसरा नसून अडथळा असतो. माळढोक आता येथे क्वचितच दिसतो. त्याची मादी उघड्या जमिनीवर, घरटे न करता, बहुधा एकच अंडे घालते. पावसाळ्यातल्या या काळात माळावर पडलेले एक पाऊल किंवा सोडलेले एक कुत्रे पुरेसे घातक ठरते. टिटवी, धाविक, चंडोल यांनाही हेच लागू आहे.

राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे, चराई व आग यांवर भारतीय वन अधिनियम, १९२७ (कलम २६) अन्वये बंदी आहे. अभयारण्यातील प्रवेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार व आग कलम ३० नुसार नियंत्रित आहे. याचा भार सर्वांत जास्त मेंढपाळांवर पडला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा तारेच्या कुंपणात गेल्या. मेंढरांच्या मध्यम चराईने गवत उघडे राहते व ते काही पक्ष्यांना मानवते. हंगाम व जागा पाहून चराईला वाव देणे सरसकट बंदीपेक्षा श्रेयस्कर दिसते.

तंबू : शहरी हौशींचे मुक्काम हिप्परगा, हिंगणी, कुरनूर यांच्या काठी व उजनीच्या फुगवट्याजवळ होतात. खाजगी रानात मालकाची, गायरानात ग्रामपंचायतीची, तलावाच्या हद्दीत जलसंपदा विभागाची व वनात वनविभागाची अनुमती लागते. मुरमात तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, म्हणून दोऱ्या दगडांना बांधतात. बाभळीचा काटा तंबूची तळपट्टी सहज फोडतो. विंचू व फुरसे दगडाखाली असतात, मण्यार रात्री अंथरुणात शिरते. त्यामुळे जमिनीवर नुसते अंथरण्यापेक्षा चेन लावलेला तंबू सुरक्षित. डिसेंबरपासून गवत वाळलेले असल्याने उघडी चूल टाळावी. हिवाळ्यात उजनीवर पट्टकदंब हंस व रोहित पक्षी उतरतात तेव्हा काठापासून दूर राहावे लागते. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी धरणातून सोडता न येणारे पाणी, आहे. जूनमध्ये पाणीपातळी अनेकदा वजा, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, असते आणि काठ दूरवर उघडा पडतो. त्या उघड्या काठावर तंबू टाकू नये : पुणे जिल्ह्यातील धरणांतून विसर्ग सुरू झाला की सोलापुरात आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते.