सोयाबीनचं कल्चर हरभऱ्याला का चालत नाही? त्यामागची जुनी गोष्ट

रब्बीच्या तोंडावर आमच्याकडे चोपड्याच्या बाजूला कृषी केंद्राच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "भाऊ, सोयाबीननं कल्चर हरभराले चालस का?" कल्चर म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायचं जिवाणूंचं खत, खरीपातलं त्याचं एखादं पाकीट उरलेलं असतं म्हणून माणूस विचारतो. उत्तर नाही असंच आहे, पण ते का नाही हे समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं, आणि मला ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असावी असं मनापासून वाटतं.

आधी मुळावरची गाठ बघून घ्या, हे जिवाणू तिच्यातच राहतात. महिना-सव्वा महिन्याचं हरभऱ्याचं झाड खुरप्याने मातीसकट उचला (नुसतं उपटलं तर गाठी तुटून मातीतच राहतात), मूळ पाण्यात हलकं धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी निघाली म्हणजे काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या प्रोटीनचा, हवेतला नत्र बांधणारं जिवाणूचं एन्झाइम ऑक्सिजनने बिघडतं म्हणून झाड ते प्रोटीन बनवून ऑक्सिजन आवरून धरतं. म्हणजे झाडाने जिवाणूसाठी खास घर बांधलंय, आणि ज्याच्या रासायनिक खुणा जुळतात त्यालाच आत घेतलं जातं. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा.

१८८०च्या दशकात जिवाणूशास्त्रावर जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखची छाप होती. एक जिवाणू बाकीच्यांपासून वेगळा काढायचा, शुद्ध वाढवायचा, मग त्याचा रोग शोधायचा. त्यातून क्षयाचा आणि कॉलऱ्याचा जिवाणू सापडला, ते उपकार मोठेच, पण जिवाणू त्याच्या गावातून उचलून बाटलीत आला आणि तो मुळात राहत कुठे, कोणाबरोबर, हा प्रश्न मागे पडला. तो धरून ठेवला दोघांनी. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्कीने १८८७ मध्ये गंधकावर जगणारे जिवाणू दाखवले आणि पुढे मातीत अमोनियाचं नायट्रेट करणारे शोधले, आपण युरिया टाकतो त्याचं पुढे काय होतं ते हेच. आणि डच शास्त्रज्ञ बायरिंकने १८८८ मध्ये द्विदल पिकांच्या गाठीतला जिवाणू वेगळा काढला. याच बायरिंकच्या विचारांवरून १९३४ मध्ये बास बेकिंग या दुसऱ्या डच शास्त्रज्ञाने मांडलं की सूक्ष्मजीव सगळीकडे पोचलेलेच असतात, कोण वाढणार ते परिस्थिती निवडते.

हे बरंचसं पटतं. आपल्या उनपदेवच्या गरम पाण्यात जे टिकतं ते तापीच्या गाळात टिकणार नाही. पण यात परिस्थिती फक्त चाळणीसारखी झाली, आणि माझ्या मते खरी मजा त्याच्या पुढे आहे, कारण परिस्थिती नुसती निवडत नाही, नवीन प्रकार घडवते सुद्धा.

१९९८ मध्ये रेनी आणि ट्रॅविसानो या शास्त्रज्ञांनी साधा प्रयोग केला. मातीत सापडणारा सुडोमोनास नावाचा जिवाणू, एकच प्रकार, अन्नाचा पातळ रस भरलेल्या छोट्या बाटल्यांत टाकला, काही बाटल्या सतत हलवत ठेवल्या, काही तशाच शांत. हलवलेल्यांत जिवाणू होता तसाच राहिला, पण शांत बाटल्यांत थोड्याच दिवसांत तीन प्रकार झाले, एक रसात तरंगणारा, एक तळाशी, आणि एक चिकट पदार्थ सोडून वर सायीसारखा थर धरणारा, कारण वर ऑक्सिजन भरपूर. अन्न तेच, मूळ पूर्वज तोच, फक्त पाणी शांत होतं म्हणून त्यात वेगवेगळ्या जागा तयार झाल्या आणि प्रत्येक जागेला कोणीतरी मिळालं. मग त्या सायीत फुकटे शिरतात, चिकट पदार्थ न बनवता वर बसून ऑक्सिजन घेणारे, ते वाढले की थर फाटून खाली बसतो.

दुसरी ताकद म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू, फेज, ट्वॉर्टने १९१५ आणि देरेलने १९१७ मध्ये शोधलेले. जो प्रकार जास्त माजतो तोच त्यांच्या तावडीत आधी सापडतो, त्यामुळे दुबळ्यांनाही जागा राहते. रावेर-यावलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, मैलोनमैल एकाच वाणाची केळी असली की सीएमव्ही हा केळीवरचा विषाणू कसा पसरतो ते त्यांनी पाहिलंय.

आणि तिसरी गोष्ट जनुकांच्या देवाणघेवाणीची. न्यूझीलंडमध्ये एका शेतात लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकाला बाहेरून कल्चर दिलं होतं, तिथे आधी त्या पिकाला गाठी पाडणारा जिवाणूच नव्हता. सात वर्षांनी गाठी तपासल्या तर आत वेगवेगळे स्थानिक जिवाणू निघाले, आणि त्यांच्यात गाठ पाडायची जनुकं त्या कल्चरमधूनच आलेली! १९९५ मध्ये हे छापून आलं. पाहुण्याने आपली विद्या गावकऱ्यांना दिली आणि गावकरी तर त्या मातीला आधीच सरावलेले. नंतर २०१९ मध्ये भारतासह बऱ्याच देशांतल्या हरभऱ्याच्या गाठी तपासल्या तेव्हाही तसंच चित्र दिसलं, गाठीची जनुकं एकमेकांशी बरीच मिळतीजुळती, पण बाकीचा जिवाणू ज्या त्या मातीतला.

म्हणजे माती कुठलीही असो, हरभऱ्याला हरभऱ्याच्याच गाठीची जनुकं असलेला जिवाणू लागतो. म्हणून पाकीट हरभऱ्याचंच घ्या, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा, आणि महिन्याभराने खुरपं घेऊन एक गाठ चिरून बघा.