इंग्रजीतील क्रियाविशेषण

क्रियापद, विशेषण, दुसरे क्रियाविशेषण किंवा सबंध वाक्य यांचा अर्थ अधिक स्पष्ट करणारा शब्द. इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅडव्हर्ब’ म्हणतात. क्रिया कशी, कुठे, केव्हा, किती वेळा, किती प्रमाणात घडली, हे तो सांगतो.

पुष्कळ क्रियाविशेषणे विशेषणाला ‘ली’ जोडून होतात: ‘स्लो’चे ‘स्लोली’, ‘हॅपी’चे ‘हॅपिली’. ‘बेसिक’सारख्या शब्दांना ‘अ‍ॅली’ लागते. ‘पब्लिक’चे मात्र ‘पब्लिक्ली’ होते. केवळ शेवट पाहून शब्दाची जात ठरवू नये. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘सिली’ ही विशेषणे आहेत, म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली’ चुकते. ‘इन अ फ्रेंडली वे’ लिहावे लागते. उलट ‘फास्ट’ दोन्ही कामे करतो. ‘फास्टली’ असा शब्द प्रचलित इंग्रजीत नाही. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांची गल्लत सर्वांत महाग पडते. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. ‘हार्डली’त नकार आधीच असल्याने त्याच्यासोबत ‘नॉट’ येत नाही. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

‘तो चांगला आहे’ आणि ‘तो चांगला गातो’ यांत मराठी एकच शब्द वापरते, शिवाय तो लिंगानुसार बदलते. इंग्रजीत पहिल्या जागी ‘गुड’, दुसऱ्या जागी ‘वेल’ लागते. मात्र ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘लुक’ ही क्रियापदे कर्त्याची अवस्था सांगत असतील, तर पुढे विशेषणच येते: ‘द सूप टेस्ट्स गुड’.

खरी अडचण जागेची. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येते आणि दोहोंच्या मध्ये क्रियाविशेषण सहज बसते: ‘ती इंग्रजी छान बोलते’. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा काही घालत नाहीत. ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ चूक. ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’ बरोबर. वारंवारता दाखवणारे ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण ‘इज’, ‘वॉज’ यांच्या नंतर: ‘शी ऑल्वेज कम्स अर्ली’, ‘शी इज ऑल्वेज अर्ली’. साहाय्यक क्रियापदे दोन असली तर पहिल्यानंतर: ‘शी हॅज नेव्हर बीन इन्व्हायटेड’. ‘नेव्हर’ जोर देण्यासाठी वाक्यारंभी आणल्यास कर्ता आणि साहाय्यक क्रियापद जागा बदलतात: ‘नेव्हर हॅव आय सीन...’. वाक्याच्या शेवटी रीत, स्थळ, काळ हा क्रम बहुधा सोयीचा असतो. ‘इनफ’ विशेषणाच्या मागून येते: ‘ओल्ड इनफ’.

‘ओन्ली’ ज्या शब्दावर जोर असेल त्याच्या शक्य तितके जवळ ठेवावे. ‘ओन्ली रवी कॉल्ड मी’ म्हणजे फक्त रवीने फोन केला. ‘रवी कॉल्ड ओन्ली मी’ म्हणजे त्याने फक्त मला केला. मराठीतील ‘-च’ शब्दाच्या शेवटी लागतो. त्या सवयीने ‘आय केम टुडे ओन्ली’ अशी वाक्ये भारतात सर्रास ऐकू येतात. बोलण्यात ती खपतात, परीक्षेत किंवा कार्यालयीन पत्रात टाळावीत. ‘तीन वर्षांपूर्वी’साठी ‘बिफोर थ्री इयर्स’ लिहिणे हीही तशीच सवय. आजपासून मागे मोजताना ‘थ्री इयर्स अगो’ हवे. ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांनाही ‘खूप’ हा एकच अर्थ लावू नये: ‘व्हेरी हॉट’ चहा पिता येतो, ‘टू हॉट’ चहा पिण्याजोगा नसतो.

काही क्रियाविशेषणे संपूर्ण विधानाबद्दल बोलणाऱ्याचे मत सांगतात. ती बहुधा वाक्यारंभी येऊन त्यांच्यानंतर स्वल्पविराम पडतो. ‘फ्रँकली, ही डिड नॉट स्पीक’ म्हणजे खरे सांगायचे तर तो बोललाच नाही. तोच शब्द शेवटी नेला की तो बोलला, पण मनमोकळेपणाने नाही, असा अर्थ होतो. ‘आशा आहे की’ या अर्थाने ‘होपफुली’ वापरण्यास अमेरिकेत अनेक वर्षे कडवा विरोध होता. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने 2012 मध्ये तो वापर मान्य केला.