उंची वाढली आणि कोलांटी अडली

"पोरगी भारी होती हो, पण पुढे काय झालं नाही तिचं." कोकणात कुठल्याही गावातल्या व्यायामशाळेत तासभर बसलात ना, चिपळूण म्हणा, रत्नागिरी म्हणा, कुडाळ म्हणा, हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येणारच. मल्लखांबावर नाहीतर जिम्नॅस्टिक्सच्या मॅटवर दहाव्या-अकराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली येणारी मुलगी चौदाव्या वर्षी कुठेच नसते आणि मग कारणं सुरू होतात, आळशी झाली, वजन वाढलं, मोबाईल हातात आला, घरच्यांनी लक्ष दिलं नाही. मला ह्या कारणांचा मनापासून राग येतो कारण बहुतेक वेळा त्यात मुलीचा काही दोषच नसतो. तिचं शरीर वाढत असतं, आणि वाढणाऱ्या शरीराचं स्वतःचं एक गणित असतं जे आपण बघतच नाही.

आधी मोठ्या नावांपासून सुरू करू, म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही हे कळेल. १९८६ मध्ये अमेरिकेत क्रिस्टी फिलिप्स नावाची मुलगी अमेरिकन कप जिंकली तेव्हा ती जेमतेम १४ ची होत होती, 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला, १९८७ ला ती नॅशनल चॅम्पियन झाली, सगळ्यांनी १९८८ च्या सोल ऑलिम्पिकचं मेडल तिच्या नावावर लिहूनच टाकलं होतं. मधल्या काळात तिची उंची वाढली, वजन वाढलं, आणि सोलच्या टीममध्ये ती नव्हती. एवढंच, ना अपघात ना भांडण. वय वाढलं.

आता हे गणित काय आहे ते बघा. समजा एक मुलगी १४० सेंटीमीटर आहे आणि वजन ३३ किलो. दोन-अडीच वर्षांत ती १५४ सेंटीमीटर झाली, म्हणजे उंची फक्त १० टक्क्यांनी वाढली. पण शरीर लांबी, रुंदी, जाडी तिन्ही बाजूंनी वाढतं म्हणून वजन १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढून ४४ किलोच्या आसपास जातं. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणजे ती वाढते १.१ गुणिले १.१, साधारण २१ टक्के. वजन ३३ ने वाढलं आणि ताकद २१ ने, इथेच पहिला खड्डा पडतो. पण खरा घात पुढे आहे. हवेत कोलांटी मारताना शरीर गोल फिरवायचं असतं आणि फिरायला जो विरोध होतो, ज्याला फिजिक्समध्ये जडत्व आघूर्ण म्हणतात, तो वजनाबरोबर वाढतोच पण लांबीच्या वर्गाबरोबरही वाढतो. आंबे काढायचा झेला आठवा, आखूड काठीचा झेला एका हाताने गर्रकन फिरवता येतो आणि लांब काठीचा फिरवताना खांदे भरून येतात, काठीचं वजन फार जास्त नसलं तरी. तसंच इथे होतं. उंची १० टक्के वाढली तर हा विरोध १.३३ गुणिले १.२१, म्हणजे तब्बल ६१ टक्क्यांनी वाढतो! कालपर्यंत जी डबल कोलांटी सहज पूर्ण व्हायची ती आज थोडी कमी पडते, पाय जमिनीवर यायच्या ऐवजी गुडघे येतात, आणि मुलीला वाटतं आपलं काहीतरी चुकतंय. ताकद वाढली तरी ती ह्या वेगाने वाढत नाही. अर्थात हा सोपा हिशोब झाला, खरं शरीर सगळीकडे सारखं वाढत नाही, आधी पाय लांब होतात आणि धड मागाहून वाढतं, त्यामुळे त्या एक-दोन वर्षांत तोल आणखीच वेगळा लागतो.

मुलींची उंची सगळ्यात जोरात वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, त्या काळात वर्षाला ८ सेंटीमीटरपर्यंत, मुलांची अंदाजे दोन वर्षं उशिरा. नेमकं ह्याच वयात आपण मुलांना राज्य पातळीसाठी निवडतो आणि सराव दुप्पट करतो. म्हणजे हाड जेव्हा सगळ्यात नाजूक तेव्हा भार सगळ्यात जास्त. उंची आधी वाढते आणि हाडात कॅल्शियम भरायचं काम मागून येतं, त्यामुळे काही महिने हाडं लांब पण कच्ची असतात. शिवाय लांब हाडांच्या टोकाशी वाढपट्टी असते, कूर्चेचा मऊ थर, तिथूनच हाड वाढतं. मोठ्या माणसाला जिथे नुसता मुरगळा बसेल तिथे ह्या वयात वाढपट्टीला मार लागू शकतो कारण ती आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, कमजोर असते.

जिम्नॅस्टिक्स हा हातांवर चालायचा खेळ आहे, हे लोक विसरतात. हँडस्प्रिंग, म्हणजे हातांवर उसळून मारायची कोलांटी, मारताना मनगटावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट किंवा जास्त जोर येतो, आणि वरून उतरताना पायांवर तर दहापटीच्या घरात. मनगट काही त्यासाठी बनलेलं नाही. सिंधुदुर्गातल्या एका व्यायामशाळेत एक आई माझ्याजवळ बसली होती, मुलगी मॅटवर सराव करत होती. आई म्हणाली, "मनगाट दुखता म्हणता ती, सर सांगतत सवय होतली." आणि लगेच पुढे, "गेल्या चवथीक शिवलेलो फ्रॉक आता गुडघ्याच्या वर इलो." ह्या दोन वाक्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं तिथे कुणाच्याही डोक्यात नव्हतं. मुलीचं मनगट बघितलं तर वरच्या बाजूने, अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकाशी बोट दाबलं की ती हात मागे घ्यायची, आणि तळहात जमिनीवर टेकून वजन टाकायला सांगितलं की तोंड वाकडं. डॉक्टर लोक ह्याला जिम्नॅस्ट रिस्ट म्हणतात. त्या टोकाशी असलेली वाढपट्टी रोजच्या दाबाने दुखावते, आणि तसंच रेटत राहिलं तर ती वेळेआधी बंद होऊ शकते, मग ते हाड आखूड राहतं, शेजारचं वाढत राहतं आणि मनगटाचा सांधा कायमचा बिघडतो. सवय होईल म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही.

कंबरेचं तसंच. कमान, ब्रिज, मागे कोलांट्या, ह्यात कंबरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या बारीक हाडावर पुन्हा पुन्हा ताण येतो आणि तिथे केसाएवढी चीर पडू शकते. १९७६ मध्ये अमेरिकेत १०० जिम्नॅस्ट मुलींचे एक्सरे तपासले तेव्हा ११ जणींमध्ये ही चीर सापडली, एरवी तिथल्या सर्वसाधारण गोऱ्या मुलींमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होतं. लवचिक आहे म्हणून कौतुक होत असतं आणि आत हाड तुटत असतं.

आणि खाणं. ह्यावर मला जरा जास्तच बोलायचंय. वजन वाढलं की पहिला सल्ला काय, भात बंद. कोकणात भात बंद म्हणजे जेवणच बंद झालं की, उरलं काय, आमटी आणि एखादा बांगडा? तीन तास सराव करणाऱ्या वाढत्या मुलीला पुरेसं इंधन मिळालं नाही तर शरीर आधी परवडणारी कामं बंद करतं, पाळी थांबते किंवा सुरूच होत नाही, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की हाड भरायचं थांबतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ह्या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा कमतरता. पाळी थांबली तर "खेळाडूंना होतं तसं" असं म्हणून पुष्कळ आया गप्प बसतात, आणि खरं तर तीच धोक्याची पहिली घंटा असते. नाचणी, कुळीथ, मासे, अंडी, सगळं आपल्या घरात आहे, फक्त ताट भरून द्या आणि भात काढून घेऊ नका.

रेटण्याचं टोक बघायचं असेल तर येलेना मुखिनाचं नाव घ्यावं लागतं. सोव्हिएत संघाची ही मुलगी १९७८ मध्ये स्ट्रासबर्गला जगज्जेती झाली, नादिया कोमानेचीला मागे टाकून. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला, तो नीट भरायच्या आत तिला परत सरावाला उतरवलं, आणि ३ जुलै १९८० ला, मॉस्को ऑलिम्पिक जेमतेम दोन आठवड्यांवर असताना, मिन्स्कमध्ये थॉमस साल्टो नावाची अवघड उडी मारताना ती हनुवटीवर आदळली. मान मोडली, हातपाय गेले. तेव्हा ती २० वर्षांची होती, २००६ मध्ये गेली. ह्या उडीत घिरक्या मारत मागे कोलांटी घेऊन पायांवर न उतरता थेट पुढे लोळायचं असतं, म्हणजे थोडी जरी कमी फिरलात तरी डोकंच आधी येतं, आणि अशक्त पायाने उडी कमीच पडणार. ही उडी नंतर महिलांसाठी बंदच करून टाकली.

सगळ्यांचं इतकं टोकाचं होत नाही. अमेरिकेची रेबेका ब्रॉस २००९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या उडीत पडली आणि अवघ्या ०.०५ गुणांनी सोनं हुकलं, २०११ मध्ये व्हॉल्टवरून (धावत येऊन मेजासारख्या साधनावर हात टेकून मारायची उडी) उतरताना गुडघ्याची वाटी सरकली, २०१२ च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत बारवरून तीनदा पडली आणि तिने तिथेच स्पर्धा सोडली. रोमानियाच्या लारिसा इओर्दाकेचं २०१७ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या वॉर्मअपमध्येच टाचेमागचं अकिलीस टेंडन तुटलं, चार वर्षांनी ती टोकियो ऑलिम्पिकला पोचली, बीमच्या (अरुंद तुळईवरच्या कसरतीच्या) फायनलला पात्र ठरली आणि घोट्यामुळे उतरूच शकली नाही. आणि कधी कधी शरीर एकदम फिट असतं, कॅलेंडर आडवं येतं. सोव्हिएत संघाच्या ओल्गा मोस्तेपानोवाने १९८४ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या ओलोमोउत्सला चारही साधनांवर १० पैकी १० घेतले, पूर्ण ४० गुण, पण ते ऑलिम्पिक नव्हतं कारण सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला होता. पुढच्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमधून तिला काढून दुसरीला उतरवलं. ज्या खेळात शिखर दोन-तीन वर्षांचं आणि ऑलिम्पिक चार वर्षांनी, तिथे जन्मतारीखही मेडल ठरवते.

डोक्याचंही आहेच. हवेत उलटं असताना आपण कुठे आहोत हे कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या, डोळे आणि स्नायू मिळून मेंदूला सांगतात आणि मेंदू ते जुन्या मापांशी जुळवून बघतो. मापं बदलली किंवा ताण आला की हे जुळत नाही. २०२१ मध्ये टोकियोला अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला व्हॉल्टवर अडीच घिरक्या मारायच्या होत्या आणि हवेत तिला कळेनासंच झालं, दीड मारून ती कशीबशी उतरली आणि बाहेर पडली. तेव्हा काय काय बोलले लोक तिला. २०२४ ला पॅरिसमध्ये २७ व्या वर्षी तीन सुवर्ण घेतली तिने. थांबायला मिळालं म्हणून परत येता आलं.

आपली दीपा कर्माकर बघा, रिओ ऑलिम्पिकला २०१६ मध्ये व्हॉल्टवर चौथी, ब्राँझ ०.१५ ने हुकलं, मग गुडघ्याचं ऑपरेशन, नंतर बंदीही भोगली, आणि तरी २०२४ मध्ये ताश्कंदला व्हॉल्टचं आशियाई विजेतेपद घेऊनच त्या वर्षी निवृत्त झाली. ताश्कंदला जिंकली तेव्हा ती ३० ची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर १९९२ पासून टोकियोपर्यंत आठ ऑलिम्पिक खेळली. म्हणजे १६ व्या वर्षी सगळं संपतं हे विज्ञान नाही, ती आपली घाई आहे. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात अनेक ऑलिम्पिक खेळ एकत्र बघितले तर १७-१८ वर्षांखालच्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या दहापैकी जवळपास नऊ मुलांना मोठेपणी तो दर्जा गाठता आला नाही, आणि मोठेपणी तिथे पोचलेल्यांपैकी बहुतेक जण लहानपणी त्या दर्जाचे नव्हतेच. जिल्ह्यात पहिली आलेल्या पोरीवर गावाचं नाव काढायचं ओझं टाकताना एवढं तरी डोक्यात असू द्या.

सगळ्यात स्वस्त काम म्हणजे उंची मोजणं. दर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीपाशी, अनवाणी, सकाळच्या वेळी (संध्याकाळपर्यंत माणूस थोडा दबतो), आणि वहीत तारीख टाकून. बसलेली उंचीही घ्या, त्यावरून पाय वाढतायत की धड ते कळतं. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर वाढली की समजायचं जोराची वाढ सुरू झाली, आणि मग काही महिने कठीण मॅटवर उतरणं आणि हातांवरचा मार कमी करायचा, नवीन अवघड उडी शिकवायची नाही, त्याऐवजी ताकद, तोल, दोरीचा मल्लखांब, नाच, जे काय आवडेल ते वाढवायचं. सराव बंद नाही करायचा, बदलायचा. मनगट किंवा कंबर दोन आठवड्यांनंतरही दुखत असेल तर बाम चोळत बसू नका, हाडाच्या डॉक्टरकडे न्या, आणि मनगटाचा एक्सरे काढायचा झाला तर दोन्ही हातांचा काढता येईल का विचारा, म्हणजे वाढपट्टीची तुलना करता येते.