एकच वर्गणी, दोन पावत्या

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ आमच्या गल्लीचं गणपती मंडळ आहे, त्याच्या वर्गणीसाठी दोन वर्षांपूर्वी मी एक छोटं अ‍ॅप बनवलं. पोरं घरोघरी फिरतात, मोबाइलवर नाव आणि रक्कम टाकतात, बटण दाबलं की मुंबईतल्या सर्व्हरवर नोंद होऊन पावती फाटते. पहिल्याच रविवारी एका काकूंच्या नावावर 501 रुपयांच्या दोन पावत्या फाटल्या. "अरे मी एकदाच दिलेत, हे एक हजार दोन कुठून आले?" खजिनदार काका वही घेऊन बसलेले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कसंतरीच झालं, देवाच्या पैशांचा हिशोब आहे शेवटी.

माझ्या कोडमध्ये ओळ अगदी साधी होती: मंडळ.जमाकर(काकू, 501). बघणाऱ्याला वाटेल की मंडळ नावाचं ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेली प्रोग्राममधली वस्तू) इथंच फोनमध्ये आहे आणि आपण त्याची मेथड, म्हणजे त्याचं एक काम, बोलावतोय. पण खरं ऑब्जेक्ट मुंबईत, फोनमध्ये आहे तो फक्त त्याच्या नावानं उभा असलेला प्रतिनिधी, त्याला स्टब म्हणतात. हा स्टब मेथडचं नाव, काकूंचं नाव, रक्कम सगळं बाइट्समध्ये बांधतो (याला मार्शलिंग म्हणतात), नेटवर्कवरून पाठवतो, तिकडे ते गाठोडं सुटतं, खरी मेथड चालते आणि उत्तर तसंच बांधून परत येतं. हाच रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे आरपीसी. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ते प्रत्यक्ष चालवून दाखवलं आणि 1984 साली त्यावर पेपर लिहिला, लांबचा कॉल जवळच्या कॉलसारखाच दिसावा म्हणजे प्रोग्रामरचं काम सोपं होईल हा त्यातला विचार. सोपं झालंच, त्याबद्दल वाद नाही.

पण दिसायला सारखं म्हणजे वागायला सारखं नाही ना. फोनमधल्या फोनमध्ये मेथड बोलवायला काही नॅनोसेकंद लागतात. बडोदा ते मुंबई साधारण 400 किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायलाच 4 मिलिसेकंद गेले, आणि हा झाला सरळ रस्ता, मोबाइल नेटवर्कवर याच्या कितीतरी पट वेळ जातो. माझ्या यादीत 200 देणगीदार होते आणि प्रत्येकाचं नाव, पत्ता, रक्कम मी वेगवेगळ्या मेथडनं मागत होतो, म्हणजे एक यादी दाखवायला 600 खेपा! आता एकाच कॉलमध्ये अख्खी यादी मागवतो, काकांचा चहा यायच्या आत ती उघडते.

अजून एक गंमत. आपल्याच प्रोग्राममध्ये एखादं ऑब्जेक्ट दुसऱ्या मेथडला दिलं की जावासारख्या प्रोग्रामिंग भाषेत दोघं एकाच वस्तूकडे बघतात. लांबच्या कॉलमध्ये बहुतेक वेळा तिकडे जाते ती नक्कल, तिकडे पत्ता बदलला तरी आपल्याकडे जुनाच राहतो.

पण काकूंच्या दोन पावत्यांचं मूळ वेगळंच होतं. फोननं 5 सेकंद वाट बघितली, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं तोच कॉल परत केला. आता उत्तर येत नाही याचे अर्थ किती? कदाचित कॉल मुंबईला पोचलाच नाही, कदाचित पोचला पण काम चालू असताना सर्व्हर पडला, किंवा काम नीट झालं, पावती फाटली आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं. फोनला या तिन्हीत काडीचा फरक कळत नाही! साध्या मेथडच्या बाबतीत हा प्रश्न येतच नाही, कारण प्रोग्राम बंद पडला तर बोलावणारा आणि करणारा दोघंही एकत्रच जातात. 1994 साली सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीतल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हेच ठासून लिहिलं, की जवळचं आणि लांबचं ऑब्जेक्ट एकसारखंच आहे असं दाखवू नका. त्यातल्याच ॲन वोलराथ यांनी पुढे जावाच्या आरएमआयवर (लांबच्या ऑब्जेक्टची मेथड बोलवायची जावातली सोय) काम केलं आणि तिथं लांबच्या प्रत्येक मेथडवर ती फसू शकते असं लिहावंच लागतं, आणि बोलावणाऱ्यानं त्या फसण्याची दखल घेतली नाही तर त्याचा कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चालण्याजोगा प्रोग्रामच बनत नाही. पूर्वी मला ही कटकट वाटायची, आता ती भाषेनं केलेली मदत वाटते.

मी केलेला उपाय छोटा आहे. बटण दाबल्याबरोबर फोन त्या वर्गणीला एक नंबर देतो, कॉल कितीदाही परत केला तरी नंबर तोच. सर्व्हर आधी बघतो की हा नंबर आलाय का, आला असेल तर नवी पावती न फाडता जुनीच परत पाठवतो. बिरेल-नेल्सन यांच्या पद्धतीतही प्रत्येक कॉलला ओळख होती आणि परत आलेला कॉल त्यावरूनच ओळखून टाकून द्यायचे, म्हणजे औषध तेव्हापासून होतं, मीच घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी आरतीच्या गर्दीत नेटवर्क पार झोपलं होतं, नंतर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून बघितला तर काकूंच्या वर्गणीचा नंबर सर्व्हरवर चार वेळा येऊन गेलेला आणि पावती एकच, 501 ची.