स्पाइक आणि रबर पॅड: स्पीकरखाली नक्की काय ठेवायचं?

स्पीकरखाली काय ठेवू असं विचारलं की अर्धे म्हणतात स्पाइक लाव, अर्धे म्हणतात रबराचे पॅड घे, आणि कारण दोघंही एकच देतात, "आयसोलेशन होतं", म्हणजे स्पीकरची थरथर खाली जात नाही. आता गंमत अशी की या दोघांचं काम चक्क उलटं आहे.

स्पाइक म्हणजे धातूचे टोकदार पाय. सगळं वजन त्या टोकांवर येतं म्हणून स्पीकर घट्ट बसतो, डुलत नाही. पण थरथर काही अडत नाही, कडक टोकातून सरळ खाली उतरते. ती खाली जाते पण वर येत नाही असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर हसून सोडून द्या, धातूला वन-वे कळत नाही. स्पाइकचा खरा उपयोग गालिचा असलेल्या घरात, टोक गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या पक्क्या जमिनीवर टेकतं. आपल्या फ्लॅटमध्ये खाली आरसीसी स्लॅब, वर टाइल, तिथे फायदा नावालाच, ओरखडे मात्र नक्की. लावायचेच असतील तर खाली नाणं तरी ठेवा.

पॅड स्प्रिंगसारखं दबतं आणि थरथर वेगळी पाडतं, पण कुठलंही पॅड नाही हां. स्पीकरच्या वजनाने ते साधारण १ मिमी दबलं तर त्याची स्वतःची फ्रीक्वेन्सी (म्हणजे ते ज्या गतीने आपणहून वरखाली डुलतं ती) १६ हर्ट्झच्या आसपास येते आणि साधारण २२ हर्ट्झच्या वर ते काम करायला लागतं (रबर प्रत्यक्षात थोडं जास्तच कडक वागतं, पण अंदाज येतो). तेच कडक पॅड हलक्या स्पीकरखाली जेमतेम ०.१ मिमी दबलं तर हिशोब ५० हर्ट्झवर जातो, म्हणजे ऐन बासमध्येच ते थरथर वाढवतं! म्हणून पॅडवर किती किलोसाठी आहे ते बघूनच घ्या.

सगळ्यात जास्त फरक कुठे पडतो तर छोटे, बुकशेल्फ म्हणतात ते स्पीकर प्लायवूडच्या टीव्ही युनिटवर असतील तिथे. डग्ग्याची मींड चालू असताना फळीवर तळहात टेकवून बघा, लाकूड सरळ सोबत वाजत असतं, वर शोकेसच्या काचा किणकिणतात ते वेगळंच. तिथे स्पाइक लावणं म्हणजे फळीला अजून वाजवणं, तिथे पॅडच. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, त्याच युनिटवर असेल तर स्पीकर आधी तिथून हलवाच, कारण थरथर सुईत शिरते, अँपमधून मोठी होऊन परत स्पीकरमधून येते आणि घूंऽऽ सुरू होतं. आणि खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार पॅडने पूर्ण मिटेल असं समजू नका, बास हवेतूनही जातोच.

राहता राहिली केबल, जिच्यात लोक पॅडच्या कित्येक पट पैसे घालतात. इलेक्ट्रिशियन जिला दीड एमएम म्हणतो ती साधी तांब्याची वायर ५ मीटर टाकली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१३ ओहमच्या आसपास, ८ ओहमच्या स्पीकरपुढे २ टक्केसुद्धा नाही. फक्त तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम नको, टोक ब्लेडने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो. आणि एका बाजूची लाल-काळी उलटी लागली नाहीये ना ते बघा, तसं झालं तर बासच गायब होतो आणि माणूस उगाच पॅडला शिव्या घालत बसतो.