चुंबकानं ‘नाही’ म्हणायला हवं

बॅटरीचा एक ठोकळा, बटणाचा दुसरा, एलईडीचा तिसरा. जवळ नेले की खटकन चिकटतात आणि दिवा लागतो. सोल्डरिंग नाही, वायरींचा गुंता नाही. आया बदीर यांनी 2011 साली ‘लिटलबिट्स’ ही कंपनी काढली आणि असे ठोकळे शाळाशाळांत पोहोचले. नागपुरातल्या एखाद्या शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबनं (मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) ते स्वतः बनवायचे ठरवले, तर एलईडी, बझर, बटणं सीताबर्डीत मिळून जातात. डोकं लागतं ते चुंबकांच्या मांडणीला.

प्रत्येक ठोकळ्यातून तीन जोडण्या पुढे जातात: 5 व्होल्ट, मधे सिग्नल आणि ग्राउंड (वीज परत जायची वाट). मुलं ठोकळा पालथा जोडणार, हे धरूनच चालायचं. तसं झालं की 5 व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल होते आणि सेन्सर जळू शकतो.

आधी सुचतं ते असं: प्रत्येक कडेला दोन चुंबक, एकाचा उत्तर ध्रुव बाहेर, दुसऱ्याचा दक्षिण. पालथा ठोकळा खरंच दूर ढकलला जातो. पण दोन ठोकळ्यांच्या आउटपुटच्या कडा, म्हणजे जिथून सिग्नल बाहेर पडतो त्या, समोरासमोर धरून बघा. एकाचा उत्तर नेमका दुसऱ्याच्या दक्षिणेसमोर येतो आणि दोन्ही घट्ट चिकटतात! म्हणून आउटपुटला दोन्ही उत्तर, इनपुटला दोन्ही दक्षिण. आता आउटपुट आउटपुटला जवळच येऊ देत नाही. आणि पालथ्याचा बंदोबस्त? एक चुंबक मध्याजवळ, दुसरा टोकाला बसवायचा. पालथा ठोकळा समोर आला की चुंबकांची गाठच पडत नाही. सोबत प्लास्टिकची एक खुंटी दिली की काम पक्कं. या सगळ्यात मला सर्वांत देखणं वाटतं ते हेच: चूक हाताला आधी कळते, सर्किटला नंतर.

वीज मात्र चुंबकातून नेऊ नये. त्यावरचा निकेलचा मुलामा घासला गेला की आतलं लोखंड गंजतं. स्प्रिंगच्या पिना वापराव्यात. पण त्या ठोकळ्यांना एकमेकांपासून लोटतात, त्यामुळे चुंबकाची ओढ त्यांच्या एकूण जोरापेक्षा बरीच जास्त हवी. फट जराशी वाढली तरी ही ओढ झपाट्यानं घटते.

साधे निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतात आणि सोल्डरिंग आयर्न असतं साधारण 350 अंशांवर. तेव्हा चुंबक सगळ्यात शेवटी बसवा, आणि नवतपात ठोकळे बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

चुंबक आवरणात पूर्ण बंदिस्त हवेत. लहान मुलानं दोन गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना ओढून भोक पाडू शकतात. अशा वेळी दुखण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठायचा.