शेवाळ उपाशी ठेवलं की तेल मिळतं, पण वाढ थांबते

"सोयाबीनपेक्षा एकरी कित्येक पट तेल देणारं शेवाळ" असले मेसेज परत फिरायला लागलेत. आकडा अगदीच हवेतला नसतो, पण तो काढताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते.

क्लोरेलासारखं हिरवं शेवाळ म्हणजे एकेकटी पेशी, काही मायक्रॉनची. भरपूर नायट्रेट (म्हणजे नायट्रोजन पुरवणारं खत), ऊन आणि कार्बन डायऑक्साइड दिला तर ती प्रोटीन बनवते आणि पटापट विभागत जाते, तेल मात्र थोडंच साठवते. आता नायट्रेट तोडा. प्रोटीन आणि हरितद्रव्य दोन्हीला नायट्रोजन लागतो, त्यामुळे नवीन पेशी बनणं थांबतं, पण ऊन थोडंच थांबतं, प्रकाशातून इलेक्ट्रॉन सुटतच राहतात आणि ते कुठेतरी खपले नाहीत तर पेशीचंच नुकसान करतात. मग पेशी ते फॅटी ॲसिड बनवण्यात खर्च करते. तीन फॅटी ॲसिड आणि एक ग्लिसरॉल मिळून तेलाचा रेणू, त्यात नायट्रोजनचा एक अणूसुद्धा नाही! मायक्रोस्कोपखाली पेशीत तेलाचे गोल थेंब दिसायला लागतात, काही जातींत कोरड्या वजनाच्या निम्म्यापर्यंत तेल जातं. मला हे जबरदस्त वाटतं.

पण उपाशी पेशी वाढत नाही. म्हणजे टक्का वाढतो आणि एकूण उत्पादन पडतं. मेसेजवाले भरल्यापोटीची वाढ आणि उपाशीपोटीचा टक्का यांचा गुणाकार करतात.

अमेरिकेने 1978 ते 1996 शेवाळाच्या तेलापासून डिझेल बनवण्यावर सरकारी प्रकल्प चालवला. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला 1000 चौरस मीटरचे तलाव केले, एखाद्या दिवशी चौरस मीटरला 50 ग्रॅमपर्यंत वाढ मिळाली पण थंडीमुळे ती टिकली नाही. तेल बनवण्याच्या पहिल्या पायरीचं एन्झाइम जीन घालून वाढवलं, तरी तेल वाढलं नाही. 2017 मध्ये नॅनोक्लोरॉप्सिस या दुसऱ्या जातीत एक नियंत्रक जीन थोडा मंद केल्यावर वाढ फारशी न घटता तेल दुप्पट झालं, उपाशी न ठेवता. तो खरा रस्ता वाटतो.

1996 मध्येच आपल्याकडे झाडपाला पाण्यात उकळून 'हर्बल पेट्रोल' बनवल्याचा गाजावाजा झाला होता आणि भलेभले फसले होते. शेवाळाच्या तेलात तसली जादू नाही, ती ऊर्जा उन्हाची.

आणि तेल बनलं तरी पेशी पाण्यातून काढायच्या आहेत. उघड्या तलावात लिटरला साधारण अर्धा ग्रॅम शेवाळ असतं, म्हणजे अर्धा किलोसाठी हजार लिटर पाणी उपसा, गाळा, वाळवा. डिझेलचा भाव तिथेच हाताबाहेर जातो.